महासाथ आणि घरचे उपाय: मेडिकलच्या काउंटरवर वारंवार येणारे प्रश्न

सदाशिव पेठेत आमचं औषधांचं दुकान आहे. गेली बावीस वर्षं काउंटरच्या आतल्या बाजूला मी असते. मी डॉक्टर नाही, वैद्यही नाही. फार्मसीची पदवी आहे आणि घरात रोज काहीतरी उकळत ठेवणाऱ्या सासूबाई होत्या, एवढंच भांडवल. ९ मार्च २०२० ला राज्यातले पहिले कोरोना रुग्ण पुण्यात सापडले आणि त्याच आठवड्यापासून दुकानाच्या फोनवर गोळ्यांपेक्षा काढ्याची चौकशी जास्त होऊ लागली. ते प्रश्न मी उधारीच्या वहीच्या मागच्या पानांवर टिपत गेले. साथ ओसरली, पण प्रश्न काही थांबले नाहीत. पुण्यात नवा ताप आला की तेच पुन्हा येतात, म्हणून एकदाच सगळं लिहून काढलं.

उत्तरं मुख्यतः कोविडला धरून आहेत. डेंगी आणि जीबीएससाठी (गुलियन-बारी सिंड्रोम, म्हणजे प्रतिकारशक्ती नसांवर उलटून हातापायांतलं बळ जाण्याचा आजार) प्रश्न २० पाहा. घरात आत्ता कोणी आजारी असेल तर बाकी सगळं सोडा आणि आधी प्रश्न १७ वाचा.

१. रोज काढा घेतला तर कोरोना होत नाही, हे खरं आहे का?

नाही. कुठल्याही काढ्याने विषाणूची लागण थांबते असं सिद्ध झालेलं नाही. लोक मला आयुष मंत्रालयाचं पत्रक दाखवतात. ३१ मार्च २०२० चं ते पत्रक मीही दुकानात चिकटवलं होतं. त्यात गरम पाणी, हळद-दूध, च्यवनप्राश, काढा, नाकपुडीला तूप किंवा तेल, वाफ, सगळं आहे. पण हा कोविडवरचा उपचार असल्याचा आमचा दावा नाही, असंही त्याच पत्रकात स्पष्ट लिहिलेलं आहे. व्हॉट्सॲपवर फिरताना ती ओळ कोणीतरी कापली.

२. मग काढा घ्यायचाच कशाला? नुसती आजीची समजूत म्हणून?

आराम पडतो म्हणून घ्यायचा. घसा खवखवत असताना गरम, किंचित तिखट, किंचित गोड असं काही पोटात गेलं की गिळताना बरं वाटतं, नाक जरा मोकळं होतं, पाणी पोटात जातं आणि रात्री झोप लागते. तापात तोंडाला चव नसते. पाणी नको म्हणणारा माणूस गवती चहा मात्र घेतो. एवढं काम काढा चोख करतो. विषाणू मारणं हे त्याचं काम नाही.

माझी तक्रार काढ्याबद्दल नाहीच. "काढा चालू आहे ना, मग बघू दोन दिवस" असं म्हणत जे दोन दिवस जातात, त्यांच्याबद्दल आहे.

३. काढ्याचं नेमकं प्रमाण काय? प्रत्येक जण वेगळं सांगतो.

आयुष मंत्रालयाने दिलेलं प्रमाण सोपं आहे: तुळस ४ भाग, दालचिनी २, सुंठ २, काळी मिरी १. ही कोरडी पूड ३ ग्रॅम, म्हणजे साधारण एक चमचा, १५० मिली उकळत्या पाण्यात टाकायची. दिवसातून एकदा, फार तर दोनदा. चवीला थोडा गूळ, मनुका किंवा लिंबू चालतं.

आता प्रत्यक्षात काय व्हायचं ते सांगते. २०२० च्या मे महिन्यात एक काका आले. बाहेर ऊन असं की दुकानाचं शटर हाताला चटका देत होतं. तोंड आलेलं, जिभेची साल निघालेली, वर मूळव्याधीतून रक्त. घरी काय चाललंय विचारलं तर म्हणाले, "मूठभर मिरी, आलं, लवंग, लसूण, दालचिनी. लिटरभर पाणी पाव लिटर होईस्तोवर आटवतो आणि चारदा घेतो." बरोबर थर्मासही आणला होता. झाकण उघडलं तर आत डांबरासारखं काळंभोर. मी त्यांना काढा बंद करा म्हटलं नाही, कारण त्यांनी ते ऐकलं नसतं. चमचा मोजून घ्या आणि सोबत ताक घ्या म्हटलं. चार दिवसांनी तोंड बरं झालं.

दालचिनीबद्दल एक सांगायला हवं. बाजारात स्वस्त मिळते ती जाड सालीची असते आणि तिच्यात कूमारिन नावाचा घटक बराच असतो. रोज चमचे-चमचे महिनोन्महिने घेतला तर तो यकृताला सोसत नाही. पातळ, कागदाच्या सुरळीसारखी दिसणारी सिलोनची दालचिनी महाग पडते, पण रोज घ्यायची असेल तर तीच घ्या.

४. हळदीचं दूध किती घ्यावं? मिरी घालायलाच हवी का?

१५० मिली गरम दुधात अर्धा चमचा हळद पुरे. हळदीत ज्याचा एवढा गवगवा होतो ते कर्क्युमिन साधारण ३ टक्केच असतं आणि तेही शरीरात फारसं शोषलं जात नाही. मिरीने शोषण वाढतं हे खरं आहे, म्हणून चिमूटभर घाला हवी तर. पण औषधांचं शोषणही तीच मिरी वाढवू शकते. त्यामुळे बऱ्याच गोळ्या चालू असतील तर मिरीचा हात आखडता ठेवा.

पित्ताशयात खडे असतील तर हळदीच्या कॅप्सूल नकोत. भाजी-आमटीतल्या हळदीची भीती बाळगायचं काही कारण नाही. फार पिवळीजर्द, चमकणारी सुटी हळद घेऊ नका, तिच्यात शिशाचा रंग मिसळलेला सापडतो. आमच्याकडे सांगलीची हळकुंडं आणून दळून घेतात. ते जमत असेल तर उत्तम.

५. वाफ दिवसातून किती वेळा घ्यावी? वाफेने विषाणू मरतो ना?

मरत नाही. विषाणू मारण्याइतकी गरम वाफ नाकात घेतली तर आधी नाक भाजेल. ती आतल्या पेशींपर्यंत तशी पोचतही नाही. वाफेने चोंदलेलं नाक सुटतं आणि घट्ट कफ जरा सैल होतो. तेवढ्यासाठी दिवसातून एक-दोन वेळा, पाच-पाच मिनिटं पुरेत. २०२१ च्या एप्रिलमध्ये लोक दर दोन तासांनी घेत होते. नाकाची आतली त्वचा कोरडी पडून रक्त येऊ लागलं की "कोरोना वाढला" म्हणून घाबरून फोन करायचे.

पद्धतीबद्दल मात्र मी कडक आहे. पातेल्यावर टॉवेल घेऊन बसणं ही आपली जुनी रीत, पण पातेलं उलटतं. माझ्या भाचीच्या मांडीवर आजही तळहाताएवढा डाग आहे. ती सहा वर्षांची होती, पातेलं पलंगावर ठेवलेलं आणि टॉवेल ओढताना कड कलंडली. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंचावर आहे, म्हणून इथे पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळतं. भाजायला तेवढं भरपूर झालं. पातेलं टेबलावर ठेवा, गॅस बंद करून मिनिटभर थांबा, चेहरा वीतभर लांब ठेवा. लहान मुलांना पातेल्यावर बसवूच नका. न्हाणीघरात गरम पाण्याचा नळ सोडून, दार लावून, मुलाला मांडीवर घेऊन पाच मिनिटं बसलात तरी काम होतं.

कुकरच्या शिट्टीच्या जागी रबरी नळी बसवून वाफ घेण्याचा एक व्हिडिओ फिरत होता. तो करून पाहिलेले दोघं मलम न्यायला आमच्याकडेच आले. पाण्यात निलगिरीचं तेल एक-दोन थेंबच. कापूर नको (का नको ते प्रश्न १० आणि ११ मध्ये).

६. मीठ-हळदीच्या गुळण्या आणि सतत गरम पाणी पिणं?

पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून दिवसातून तीन-चार वेळा गुळण्या करा. घशाची सूज आणि दुखणं कमी होतं. घशातला विषाणू पाण्याबरोबर वाहून पोटात जातो आणि तिथे मरतो, ही मात्र कहाणी आहे. गरम पाणी आवडत असेल तर प्या, माठातलं आवडत असेल तर तेही प्या. हृदयाच्या किंवा किडनीच्या रुग्णांना डॉक्टरांनी पाणी मोजून दिलेलं असतं. त्यांचा काढा, सरबत, सूप हे सगळं त्याच मापात धरायचं. ही गोष्ट घरोघरी विसरली जाते.

७. गुळवेल सुरक्षित आहे का? कोणी अमृत म्हणतं, कोणी यकृत जातं म्हणतं.

याचं एका शब्दात उत्तर नाही. लॉकडाऊनमध्ये गुळवेलीची इतकी मागणी होती की सोसायट्यांच्या कुंपणांवरचे वेल बुंध्यापासून कापून नेले गेले. २०२१ मध्ये मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला सूज आलेल्या काही रुग्णांची नोंद वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने ती अमान्य केली. रुग्णांनी नेमकी कोणती वनस्पती घेतली हे तपासलेलं नाही आणि गुळवेलीसारखी दिसणारी दुसरी जात असू शकते, असं त्यांचं म्हणणं होतं. पुढे देशातल्या इतर केंद्रांतूनही तसेच रुग्ण नोंदले गेले. त्यातल्या बऱ्याच जणांच्या शरीरात स्वतःच्याच पेशींवर उलटणाऱ्या प्रतिकारशक्तीच्या खुणा होत्या.

मंत्रालयाचा मुद्दा अगदीच पोकळ नाही. टायनोस्पोरा कॉर्डिफोलिया ही आपली गुळवेल आणि टायनोस्पोरा क्रिस्पा ही तिची चुलतबहीण. सुकलेले तुकडे पुड्यात बांधून आले की मला ओळखता येत नाहीत, आणि विकणाऱ्यालाही येत असतील याची मला खात्री नाही. पण ग्राहकासाठी निष्कर्ष दोन्हीकडून एकच निघतो: आपण काय गिळतोय हे ठाऊक नसताना ते महिनोन्महिने गिळू नये.

म्हणून मी असं सांगते. संधिवाताचा स्वप्रतिकारक प्रकार, ल्युपस, सोरायसिस, थायरॉइडचा तसा विकार किंवा यकृताचा कुठलाही जुना आजार असेल तर गुळवेल नको. अवयव प्रत्यारोपण झालेलं असेल तर अजिबात नको. बाकीच्यांनी वैद्यांना विचारून, ठरावीक दिवसच घ्यावी. लघवी गडद, डोळे पिवळे, भूक मेलेली, अंगाला खाज, यातलं काहीही दिसलं तर वेल बंद आणि रक्ततपासणी त्याच दिवशी.

८. बीपी, शुगर, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू आहेत. कुठला घरगुती उपाय टाळू?

हा प्रश्न सगळ्यात कमी लोक विचारतात आणि सगळ्यात जास्त लोकांनी विचारायला हवा.

बीपी असेल तर ज्येष्ठमध सांभाळून. खोकल्यावर काडी चघळणं चांगलं वाटतं, पण त्यातल्या ग्लिसिरायझिनमुळे अंगात पाणी आणि मीठ साठतं, बीपी चढतं आणि पोटॅशियम उतरतं. लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर पोटॅशियम आणखीच घसरतं. एक आजी आठवडाभर ज्येष्ठमधाचा काढा घेत होत्या. बीपी एरवी १३० असायचं, ते १७० च्या वर गेलं. मुलगा गोळी वाढवून मागायला आला होता. काढा बंद केल्यावर गोळी आहे तीच पुरली.

शुगर असेल तर काढ्यातला गूळ, मध, मनुका आणि च्यवनप्राशही साखरेतच मोजा. "नैसर्गिक साखर" ग्लुकोमीटरला कळत नाही. २०२१ च्या दुसऱ्या लाटेत म्युकरमायकोसिसने, म्हणजे ज्याला सगळे काळी बुरशी म्हणत होते त्याने, मधुमेही आणि स्टिरॉइड घेतलेल्या रुग्णांनाच सर्वाधिक गाठलं. आजारपणात शुगर आधीच वर असते, त्यात दिवसाला चार कप गोड काढा नको. उलट मेथी, कारलं, तुळस भरपूर घेऊन गोळीही पूर्ण घेतली आणि जेवण मात्र कमी गेलं, तर शुगर एकदम खाली येऊन घाम सुटू शकतो.

वॉरफरिन, क्लोपिडोग्रेल, ॲस्पिरिनवर असणाऱ्यांनी हळदीच्या कॅप्सूल, कच्च्या लसणाच्या पाकळ्या आणि आल्याचा अर्क रोज मोठ्या प्रमाणात घेऊ नये, रक्तस्राव वाढू शकतो. फोडणीतला लसूण चालतो. वॉरफरिन असेल तर नवीन काहीही सुरू केल्यावर आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ती तपासणी, करून घ्या. अश्वगंधा थायरॉइडच्या गोळीसोबत विचारल्याशिवाय नको.

९. गरोदर आहे किंवा बाळ अंगावर पितंय. काय चालेल?

आल्याचा पातळ चहा, मिठाच्या गुळण्या, वाफ, चमचाभर मध, स्वयंपाकात हळद, हे चालेल. अडुळसा नको. खोकल्यावर तो जुना आणि नामी आहे. इतका की त्यातल्या व्हॅसिसीनवरूनच पुढे ब्रोमहेक्सीन हे आधुनिक औषध तयार झालं. पण तो गर्भाशयाचं आकुंचन वाढवतो. ज्येष्ठमध, अश्वगंधा, मेथीची मोठी मात्रा आणि कोणताही "पॉवर काढा" नको. ताप आला तर सहन करत बसू नका. गरोदरपणात ताप अंगावर काढण्यापेक्षा डॉक्टरांना विचारून घेतलेली पॅरासिटामॉल बरी.

१०. मुलांना काढा, मध, गुटी द्यायची का?

वर्षाच्या आतल्या बाळाला मध अजिबात नाही, बोटाला लावून चाटवायलाही नाही. मधात बोट्युलिझमच्या, म्हणजे स्नायू लुळे पाडणाऱ्या आजाराच्या, जंतूंचे बीजाणू असू शकतात आणि बाळाचं आतडं त्यांना रोखू शकत नाही. "आम्ही सगळे मधावरच वाढलो" असं सासूबाईही म्हणायच्या. त्यांच्याशी मी वाद घातला नाही, मधाची बाटली वरच्या फळीवर ठेवली. वर्षानंतर मात्र रात्रीच्या खोकल्यावर अर्धा ते एक चमचा मध खरोखर उपयोगी पडतो. बऱ्याच खोकल्याच्या औषधांपेक्षा मी तोच आधी सुचवते.

सहा महिन्यांपर्यंत आईच्या दुधाखेरीज काहीच नको, गुटीही नको. सहाणेवर वेखंड, जायफळ किती उगाळलं गेलं हे मोजायला तराजू नसतो. जायफळ जास्त झालं की बाळ "छान झोपतं", आणि तीच तर काळजीची गोष्ट आहे.

कापूर बाळाच्या छातीला, नाकाला, उशीला, कुठेही नको. एखादी वडी मुलाच्या पोटात गेली तरी आकडी येऊ शकते. मोठ्या मुलांना काढा द्यायचाच असेल तर चहाच्या चार चमच्यांएवढा, मिरीविना.

११. कापूर, ओवा, लवंगेची पुरचुंडी हुंगल्याने ऑक्सिजन वाढतो का?

नाही. कापराचा गार वास नाकातल्या गार-संवेदनेला चाळवतो आणि श्वास मोकळा झाल्यासारखं *वाटतं*. रक्तातला ऑक्सिजन आहे तिथेच राहतो. दुसऱ्या लाटेत सिलिंडरसाठी रांगा लागल्या होत्या, तेव्हा ही पुरचुंडी किती घरांत उशाशी होती हे मी पाहिलंय. माणूस म्हणतो बरं वाटतंय आणि ऑक्सिमीटर दाखवतो ८८. अशा वेळी माणसाचं नाही, आकड्याचं ऐकायचं.

ऑक्सिमीटर लावताना नेलपॉलिश काढा, मेंदीचं बोट टाळा, हात गार असेल तर चोळून गरम करा आणि आकडा स्थिर होईपर्यंत अर्धा मिनिट थांबा. राज्याच्या आरोग्य खात्याने सांगितलेली सहा मिनिटं चालण्याची चाचणी घरी करता येते. आधी आकडा बघा, सपाट जागी नेहमीच्या चालीने सहा मिनिटं चाला (साठीपुढच्यांनी तीन), मग पुन्हा बघा. ९३ च्या खाली गेला, ३ अंकांहून जास्त उतरला किंवा धाप लागली तर दवाखाना. दम्याच्या रुग्णांनी आणि ज्यांना बसल्या जागीच धाप लागते त्यांनी ही चाचणी करू नये.

दवाखान्यात पोचेपर्यंत घरी करण्यासारखं खरोखर उपयोगी काही असेल तर ते पालथं झोपणं. छातीखाली, पोटाखाली उशी. गरोदर बाईने हे करू नये.

१२. घरात कडुनिंब, ओवा, गोवरीची धुरी दिली तर हवा शुद्ध होते?

डास थोडे पळतात. विषाणू जात नाही. फुप्फुसं आधीच सुजलेल्या माणसाच्या खोलीत धूर करणं मला समजत नाही. खिडक्या उघडा.

१३. पूर्वी प्लेगमध्ये लोक घरच्या उपायांवरच तरले ना?

तरले नाहीत हो, हजारोंनी गेले. १८९७ च्या पुण्याच्या प्लेगबद्दल आपल्याला रँडची गोष्ट पाठ असते, बाकीची नसते. त्या वर्षी १० मार्चला सावित्रीबाई फुले प्लेगनेच गेल्या. मुंढव्याहून आजारी मुलाला पाठीवर घालून त्या आपल्या दत्तक मुलाच्या, डॉ. यशवंतरावांच्या दवाखान्यात आणत होत्या. घरी बसवून काढा पाजत नव्हत्या, हे लक्षात घ्या.

ज्यांचा जीव वाचला ते बहुतेक गाव सोडून माळावर झोपड्यांत राहिले म्हणून. उंदीर आणि पिसवा मागे राहिल्या. साथीतला खरा जुना घरगुती उपाय हाच, माणसांपासून आणि घाणीपासून लांब होणं. शिवाय त्याच वर्षी जानेवारीत हाफकिन या शास्त्रज्ञाने मुंबईत प्लेगची लस तयार करून पहिल्यांदा स्वतःला टोचून घेतली होती. नेमकं औषध यायला मात्र स्ट्रेप्टोमायसिनपर्यंत, म्हणजे १९४० च्या दशकापर्यंत थांबावं लागलं.

१४. वैद्यांचं औषध, घरगुती उपाय आणि होमिओपॅथीच्या गोळ्या, सगळं एकच का?

नाही. वैद्य नाडी, पोट, वय, आधीची औषधं विचारून मात्रा ठरवतात. व्हॉट्सॲप काहीच विचारत नाही. आयुष-६४ ही गोळी पूर्वी मलेरियासाठी बनवलेली. सप्तपर्ण, कुटकी, किराईत आणि सागरगोटा असं तिचं मिश्रण आहे. कोविडमध्ये ती सौम्य रुग्णांना, नेहमीच्या उपचारांच्या जोडीला सुचवली गेली. "जोडीला" हा शब्द विसरू नका. आर्सेनिकम अल्बम ३० च्या बाटल्या २०२० मध्ये सोसायट्यांनी घरोघर वाटल्या. तिने लागण टळते याला पुरावा नाही. गोळीने अपाय होत नाही, पण "आम्ही गोळ्या घेतल्यात" म्हणून मास्क हनुवटीवर उतरायचा.

१५. नाकात लिंबाचे थेंब, खोलीत कापलेला कांदा, गोमूत्र, थोडी दारू?

लिंबाने नाक भाजतं. कांदा भाकरीबरोबर खा. गोमूत्राचा उपयोग सिद्ध नाही. दारूने प्रतिकारशक्ती उतरते, आणि सॅनिटायझर पिऊन २०२१ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात वणीला माणसं दगावली.

१६. लस घेण्याआधी किंवा नंतर काढा बंद करावा का?

गरज नाही. लसीनंतर एक-दोन दिवस ताप, अंगदुखी आली तर पॅरासिटामॉल आणि आराम. काढा लसीऐवजी मात्र नाही.

१७. घरगुती उपाय किती दिवस करून बघायचे? डॉक्टरकडे नेमकं कधी जायचं?

"किती दिवस" हा हिशेबच सोडा, चिन्हं बघा. ताप, ऑक्सिजन आणि नाडी दिवसातून तीनदा वहीत लिहा, वेळेसह. माझ्याकडे फोन आला की मी काढ्याचं काही विचारत नाही, वही वाचून दाखवा म्हणते.

ऑक्सिजन ९४ च्या खाली आला तर त्याच दिवशी डॉक्टर. ९० च्या खाली आला तर थांबायचं नाही, १०८ ला फोन. धाप, छातीत दाब, ओठ-नखं निळसर, बोलण्यात गोंधळ, उठवूनही न उठणं, यासाठीही १०८. ताप तीन दिवसांहून जास्त टिकला किंवा उतरून पुन्हा चढला, तरी दाखवा. कोविडमध्ये पाचव्या ते दहाव्या दिवसातच प्रकृती अचानक फिरत असे, म्हणून "आता बरंय" म्हणत वही बंद करू नका. साठीपुढचे, मधुमेही, हृदय-किडनीचे रुग्ण, कर्करोगाचे उपचार घेणारे आणि गरोदर बायका यांनी पहिल्याच दिवशी डॉक्टरांना कळवावं. तान्ह्या बाळाला, विशेषतः तीन महिन्यांच्या आतल्या, ताप आला तर काहीच करून बघायचं नाही, थेट न्यायचं. नुसता सल्ला हवा असेल तर १०४.

तापाला मोठ्यांनी पॅरासिटामॉल ५०० किंवा ६५० मिलिग्रॅम, दोन गोळ्यांत निदान चार ते सहा तास अंतर. सर्दीच्या तयार गोळ्यांतही पॅरासिटामॉल असतं, त्यामुळे मोजणी दुप्पट होते. पाकीट वाचा. यकृत नाजूक असेल किंवा दारू रोजची असेल तर किती घ्यायची ते विचारून. मुलांना वजनावर.

१८. शेजाऱ्यांना ज्या गोळ्यांनी बरं वाटलं त्याच आणल्या तर? चिठ्ठीचा फोटो आहे.

हाही एक घरगुती उपायच झालाय आणि सगळ्यांत धोक्याचा. २०२१ मध्ये एकाच चिठ्ठीचा फोटो घेऊन तीन वेगवेगळ्या इमारतींतले लोक माझ्याकडे आले, डॉक्टरांच्या सहीवरचा चहाचा डाग तिन्ही फोटोंत तोच. त्यात डेक्सामेथासोन होतं. जून २०२० मध्ये ब्रिटनमधल्या मोठ्या चाचणीत हे स्टिरॉइड ऑक्सिजन लागणाऱ्या रुग्णांचे प्राण वाचवतं असं दिसलं. ज्यांना ऑक्सिजन लागत नव्हता त्यांना फायदा झाला नाही, कदाचित तोटाच. पहिल्या दोन-तीन दिवसांत घरी बसून घेतलं तर विषाणूशी लढणारी ताकदच दबते आणि शुगर उसळते (पुढचं प्रश्न ८ मध्ये आहे). मी गोळ्या दिल्या नाहीत. तिघांपैकी एकाने दुसऱ्या दुकानातून घेतल्या.

१९. डॉक्टरांना काढ्याचं सांगितलं तर रागावतात. लपवू का?

लपवू नका, पण सांगण्याची पद्धत बदला. माझ्या सासऱ्यांना नेलं तेव्हा एका डॉक्टरांनी काढ्याची बाटली बघून सगळ्यांसमोर सुनावलं. पुढच्या खेपेला सासऱ्यांनी गुळवेलीचं नाव काढलं नाही. यकृताचे आकडे का वाढलेत हे शोधायला पाच दिवस आणि दोन महागड्या तपासण्या गेल्या. रागावणाऱ्याची चूक होतीच, गप्प बसणाऱ्याचीही होती.

एका कागदावर लिहा: काय, किती, दिवसातून कितीदा, कधीपासून. तयार चूर्ण असेल तर पाकिटाचा फोटो काढा. गोळ्यांच्या यादीखालीच ते लिहा आणि कागद पुढे करा. तोंडाने "थोडं घरगुती चालू आहे" म्हटलं की ते ऐकलं जात नाही. लिहिलेलं वाचलं जातं.

२०. डेंगी, झिका, जीबीएस आले तेव्हाही हेच उपाय चालतात का?

प्रत्येक साथीची वाट वेगळी, म्हणून उपाय उचलून तसेच लावता येत नाहीत. डेंगीत ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक नको, रक्तस्राव वाढतो. याच कारणाने लसूण-आल्याचे अर्कही नकोत. पपईच्या पानांच्या रसाने प्लेटलेट थोड्या लवकर वाढल्याचे काही अभ्यास आहेत, पण डेंगीत माणूस दगावतो तो बहुधा रक्तवाहिन्यांतून पाणी झिरपून रक्तदाब कोसळल्याने, आणि त्यावर तो रस काही करत नाही. ताप उतरल्यानंतरचे दोन दिवस जास्त जोखमीचे. पोटात जोरात दुखणं, सतत उलट्या, हिरड्यांतून रक्त दिसलं तर दवाखाना. झिकात गरोदर बाईला डासांपासून वाचवणं हाच मुख्य उपाय, २०२४ च्या पावसाळ्यात पुण्यात तेच सांगावं लागलं.

जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्त्याच्या बाजूला जीबीएसचे रुग्ण वाढले तेव्हा काढ्याचे फोन पुन्हा सुरू झाले. तिथे संशय पाण्यावर होता आणि काही रुग्णांत कॅम्पिलोबॅक्टर हा जंतू सापडला. तेव्हा घरचा खरा उपाय होता पाणी खळखळून मिनिटभर उकळणं आणि चिकन पूर्ण शिजवणं. पायातलं बळ गेल्यासारखं वाटलं, मुंग्या वर चढू लागल्या तर तेल चोळत बसायचं नाही, लगेच न्यायचं.

२१. २०२० साली आणलेला काढ्याचा पुडा अजून कपाटात आहे. वापरला तर चालेल?

पुड्याच्या तळाशी बोट घालून बघा. पूड बोटाला चिकटली किंवा गाठी लागल्या तर ओल धरली आहे आणि पुण्याच्या पावसाळ्यात बुरशी लागायला तेवढं पुरतं. वास आला नाही तर दालचिनी-तुळशीतलं तेल उडून गेलंय, उरलाय तो भुसा. दोन्ही वेळा कुंडीत टाका. नवीन करायचा असेल तर १०० ग्रॅमच्या वर करू नका, काचेच्या बरणीत भरा आणि बरणीवर तारीख घाला. आमच्या सासूबाई बरण्यांवर नावं लिहायच्या, तारखा कधीच नाही. त्यांच्या पश्चात कपाटातून सुंठीच्या चार बरण्या निघाल्या. त्यातली कुठली कधीची, हे आता कोणालाच सांगता येत नाही.